कुलमुखत्यारपत्र यंत्राच्या नावे!

अमेरिकेतील जेसन लेम्किन या उद्योजकाने जुलै २०२५ मध्ये ‘रेप्लिट’ या कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटाकडे एक संगणकीय काम सोपविले होते. काही दिवसांनी त्याने काम थांबविण्यास सांगितले आणि विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये, अशी स्पष्ट ताकीद दिली. ती ताकीद कायम असतानाच एजंटाने चालू कामाचा संपूर्ण डेटाबेस पुसून टाकला. बाराशेहून अधिक उच्चाधिकाऱ्यांच्या आणि जवळपास तितक्याच कंपन्यांच्या नोंदी त्यात होत्या. जाब विचारला तेव्हा, आपण घाबरलो आणि हातून असे घडले, असे उत्तर या एजंटाने दिले. पुसलेले परत आणणे अशक्य आहे, असेही त्याने छातीठोकपणे सांगितले. तेही खोटे ठरले. लेम्किन यांनी स्वतः प्रयत्न केला तेव्हा नोंदी परत मिळाल्या. घडलेला प्रकार कदापि घडता कामा नये असा होता, अशी कबुली कंपनीचे प्रमुख अमजाद मसाद यांनी दिली आणि प्रयोगाचा डेटाबेस व चालू कामाचा डेटाबेस यांची फारकत करण्याची घोषणा केली.

जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘घाबरलेल्या यंत्रा’ची यथेच्छ थट्टा केली. यंत्र घाबरते की नाही, त्याला मन आहे की नाही, यावर विद्वानांच्या चर्चा झडल्या. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बाजूला पडला. दिवाणजीने तिजोरी रिकामी केली तर घरातील वडीलधारा माणूस दिवाणजीच्या मनःस्थितीची चौकशी करीत बसत नाही. तो आधी विचारतो, याच्याकडे तिजोरीची किल्ली आली कशी? ज्या एजंटाने डेटाबेस पुसला, त्याच्याकडे तो पुसण्याचा अधिकार होता. तो अधिकार त्याने चोरलेला नव्हता. तो त्याला देण्यात आला होता आणि देणारा माणूसच होता.

किल्ली म्हणजे नेमके काय?

आज सामान्य कुटुंबाचा निम्मा संसार सर्व्हरवर मांडलेला असतो. बँकेतील शिल्लक, शेताचा सातबारा, आईच्या रक्ततपासणीचा अहवाल, मुलाच्या परीक्षेचा निकाल आणि गावाकडे जाण्याचे रेल्वे तिकीट, हे सारे कोठल्या तरी संगणकाच्या साठवणीत असते. हे संगणक संस्थेच्या स्वतःच्या इमारतीत असतातच असे नाही. बहुसंख्य संस्था ते भाड्याने घेतात. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल ही या भाड्याच्या व्यवहारातील बडी घराणी आहेत. मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात अशा संगणकगृहांच्या इमारती मोठ्या संख्येने उभ्या आहेत.

भाडेकरू संस्थेचा माणूस या इमारतीत कधी पाऊल टाकीत नाही. तो दुरूनच आज्ञा धाडतो. नवा सर्व्हर उभा कर, याची क्षमता वाढव, त्याची प्रत काढून ठेव, तो पुसून टाक, अशा या आज्ञा असतात. आज्ञा धाडणारा अधिकृत आहे की नाही, हे एका गुप्त अक्षरमालेवरून ठरते. हीच ती किल्ली. तिला चेहरा नाही, स्वाक्षरी नाही. जो ती दाखवील तो मालक, एवढेच पलीकडच्या संगणकाला कळते.

आजवर या आज्ञा माणूस स्वतः देत असे, किंवा माणसाने पायरी पायरीने लिहून ठेवलेली आज्ञावली देत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या अमेरिकी कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक जोडणीपद्धती जाहीर केली. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कोणतेही प्रारूप बाहेरच्या साधनांना कसे जोडावे, याचे हे सामायिक नियम होत. वर्ष उलटण्यापूर्वीच ओपनएआय, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते स्वीकारले. ॲमेझॉन, क्लाउडफ्लेअर आदी कंपन्यांनी आपापल्या सर्व्हरसेवा एजंटांच्या हाती देणारी साधने खुली केली. आता व्यवस्थापकाने ‘संकेतस्थळ मंदावले आहे, काय ते पाहा’ एवढे साध्या भाषेत लिहिले तरी पुरते. आपल्यापुढे कोणती साधने आहेत ते एजंट वाचतो, त्यांतील एक निवडतो, आज्ञा धाडतो, आलेले उत्तर पाहतो आणि पुढची आज्ञा स्वतःच ठरवितो.

यात सोय नाही असे कोण म्हणेल? मध्यरात्री दूरध्वनी खणखणला की अंथरुणातून उठून सर्व्हर सावरणारे शेकडो तरुण अभियंते मराठी घरांतून आहेत. त्यांच्या डोक्यावरचा भार हलका होत असेल तर ते स्वागतार्हच आहे. गोम वेगळीच आहे. एजंटासाठी कामापुरती, मोजक्या अधिकारांची स्वतंत्र किल्ली घडविता येते. परंतु त्यासाठी विचार करावा लागतो, वेळ द्यावा लागतो, आणि अधिकार अपुरा पडला की काम अडते. मग घाईत असलेला माणूस स्वतःच्या जवळची मुख्य किल्लीच एजंटाच्या स्वाधीन करतो. ज्या समाजात कुलमुखत्यारपत्रावर डोळे मिटून सही केल्यामुळे वाडवडिलांच्या जमिनी गेल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात, त्या समाजातील सुशिक्षितांनी हेच पत्र यंत्राच्या नावे करून द्यावे, याला प्रगती म्हणायचे काय?

‘माणूसही चुकतोच की!’

एजंटांचा उदोउदो करणाऱ्यांकडे एक ठेवणीतले उत्तर असते. माणूस चुकत नाही काय, असे ते विचारतात. चुकतो, नक्कीच चुकतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीच्या थकलेल्या अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि चालू डेटाबेस पुसला गेला. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. प्रती काढण्याच्या ज्या व्यवस्थांवर कंपनीची भिस्त होती, त्यांतील बहुतेक ऐनवेळी निकामी निघाल्या. त्यानंतर महिनाभरातच, २८ फेब्रुवारी २०१७ रोजी, ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा टंकित करताना चूक केली. मोजके सर्व्हर काढायचे होते, त्याऐवजी बरेच अधिक निघाले आणि अमेरिकेतील असंख्य संकेतस्थळे काही तास बंद पडली.

परंतु ही उदाहरणे उदोउदो करणाऱ्यांच्या बाजूने साक्ष देत नाहीत. ॲमेझॉनने त्या चुकीनंतर काय केले? कर्मचाऱ्याला अधिक सावध राहण्याचा उपदेश करून ती थांबली नाही. तिने साधनच बदलले. सर्व्हर एका दमात न निघता सावकाश निघावेत आणि ठरावीक किमान संख्येच्या खाली कोणालाही जाता येऊ नये, अशी मर्यादा साधनातच घातली. गिटलॅबने आपली फजिती जगासमोर मांडली आणि प्रती काढण्याच्या व्यवस्था नव्याने तपासल्या. शहाण्या माणसांनी माणसाच्या चुकांवरून काढलेला निष्कर्ष हा असा होता. हात कितीही विश्वासू असो, त्याची पोहोच मर्यादित असावी. मग माणसाच्या हातावर घातलेली मर्यादा यंत्राच्या हातावरून काढून टाकण्याचा आग्रह कोणत्या तर्काने धरला जातो?

स्वयंचलित व्यवस्थेचा हात तर अधिक वेगवान असतो. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात दोन स्वयंचलित प्रक्रिया परस्परांच्या आड आल्या. एक मागे पडली होती, तिने जुनी योजना नव्या योजनेवर लिहिली. दुसरीने ती योजना कालबाह्य ठरवून साफ केली. परिणामी एका मध्यवर्ती सेवेच्या पत्त्याची नोंदच रिकामी झाली आणि अनेक देशांतील सेवा कित्येक तास विस्कळीत राहिल्या. या प्रक्रिया कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्हत्या. त्यांच्या पायऱ्या आधीच ठरलेल्या होत्या, तरी असे घडले. अखेर ती नोंद माणसांनीच हाताने दुरुस्त केली. ज्याच्या पायऱ्या ठरलेल्याच नाहीत, अशा एजंटाच्या बाबतीत किती दक्षता हवी, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मे २०२४ मधील ऑस्ट्रेलियाचा अनुभव याहून बोलका आहे. तेथील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद आहेत. निधीची संगणकव्यवस्था गूगलकडे भाड्याने होती. ती उभारताना गूगलच्या कर्मचाऱ्यांकडून एक रकाना रिकामा राहिला. त्या रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्राने ‘मुदत संपताच पुसून टाकणे’ असा लावला आणि मुदत संपताच सारे पुसले गेले. सभासदांना कित्येक दिवस आपल्या खात्यांचे दर्शन झाले नाही. निधी सावरला, कारण त्याने दुसऱ्या कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या. कोणा व्यवस्थापकाला दुहेरी खर्च करण्याची बुद्धी सुचली, म्हणून सहा लाख कुटुंबांच्या म्हातारपणाची शिदोरी पुन्हा हिशेबात आली!

चिठ्ठी आणि हुकूम

एजंटाच्या हाती किल्ली देण्यातील सर्वांत मोठा धोका यापुढचा आहे. घरच्या गड्याला वाटेत कोणी चिठ्ठी दिली आणि तीत ‘मालकाची पेटी आणून दे’ असे लिहिलेले असले, तर अडाणी गडीही थबकतो. मालकाचा हुकूम निराळा आणि परक्याची चिठ्ठी निराळी, हे त्याला उपजत कळते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या प्रारूपांना हा भेद खात्रीने करता येत नाही. मालकाची सूचना आणि कामाच्या ओघात वाचलेला मजकूर दोन्ही त्यांच्यापुढे शब्दांच्या एकाच प्रवाहात येतात. एखाद्या पत्रात, तक्रारीत वा आज्ञावलीच्या टिपणात लपविलेली आज्ञा एजंट मालकाचीच समजून पाळण्याचा संभव असतो.

ही कल्पनेची भरारी नाही. जुलै २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या ‘क्यू’ या सहायकाच्या एका उपांगात बाहेरच्या इसमाने मजकूर घुसविला. संगणकावरील फायली आणि भाड्याच्या सर्व्हरवरील साधने पुसून टाकावीत, असा साध्या इंग्रजीत लिहिलेला आदेशच तो होता. कंपनीच्या तपासणीतून तो निसटला आणि उपांगाच्या अधिकृत आवृत्तीतून वितरितही झाला. मजकुराच्या रचनेत दोष असल्याने तो चालला नाही व कोणाही ग्राहकाची हानी झाली नाही, असे ॲमेझॉनने स्पष्ट केले. चोराची किल्ली कुलपात फिरली नाही म्हणून घर वाचले. परंतु चोर देवघरापर्यंत येऊन गेला, हे कसे विसरता येईल?

‘एजंट’ म्हणजे कोण?

या साऱ्या प्रकरणात ‘एजंट’ हा शब्दच मुळात दिशाभूल करणारा आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १८२ नुसार एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करण्यासाठी नेमलेली व्यक्ती. कलम १८४ त्याहून मार्मिक आहे. जो सज्ञान नाही किंवा ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही, अशाच्या हातूनही एखादा मनुष्य तिऱ्हाइताशी व्यवहार करू शकतो. मात्र असा एजंट मालकाला जबाबदार राहत नाही. म्हणजे अजाण पोराला दुकानात बसविले, तर त्याने केलेला व्यवहार दुकानदाराच्या माथी येतो आणि दुकानदाराला पोराकडून भरपाई मागता येत नाही. हा कायदा करणाऱ्यांनी संगणक पाहिला नव्हता, पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी मांडलेले तत्त्व आजच्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडते. ज्याला जाब विचारता येत नाही, त्याच्या हाती कारभार देणाऱ्यानेच जाब द्यावा.

बड्या कंपन्यांना हे तत्त्व अडचणीचे वाटते. कॅनडातील ‘एअर कॅनडा’ या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेले. आपले संवादयंत्र ही स्वतंत्र अस्तित्व असलेली आणि स्वतःच्या कृत्यांना स्वतःच जबाबदार असलेली गोष्ट आहे, असा बचाव कंपनीने केल्याचे न्यायाधिकरणाने आपल्या निर्णयात नमूद केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा बचाव फेटाळण्यात आला आणि प्रवाशाला भरपाई मिळाली. नफा झाला तर तो कंपनीच्या कल्पकतेचा, आणि तोटा झाला तर तो यंत्राच्या स्वभावाचा! ही पळवाट वेळीच बुजविली नाही, तर उद्या पतपेढीच्या नोंदी पुसल्या गेल्यावर ठेवीदाराला ‘ते एजंटाने केले’ एवढेच उत्तर ऐकावे लागेल.

सुदैवाने भारतीय कायद्याची दिशा योग्य आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार, नागरिकांची माहिती जमविणारी संस्था तिच्या रक्षणाला जबाबदार असते, मग प्रत्यक्ष काम तिने कोणाकडूनही करून घेतलेले असो. रक्षणाची वाजवी व्यवस्था नसेल तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदींची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार, सायबर दुर्घटनेची वर्दी सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदवह्या १८० दिवस जपाव्या लागतात. कायदा आहे, प्रश्न तो पाळणाऱ्यांच्या वृत्तीचा आहे.

गडाची व्यवस्था

मग करावे काय? यावर परदेशी तज्ज्ञांचे जाडजूड अहवाल चाळण्यापूर्वी शिवकालीन गडांची व्यवस्था आठवावी. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत तिचे वर्णन आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे एकाच दर्जाचे अधिकारी असत आणि तिघांनी मिळून कारभार पाहावयाचा असे. कोठारासाठी कारखानीस निराळा. शिवछत्रपतींचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता म्हणून ही रचना झाली, असे कोणी म्हणणार नाही. ज्या माणसांनी त्यांच्या शब्दाखातर प्राण दिले, त्यांच्यावर अविश्वास कसा असेल? पण एक माणूस फितला, भ्याला किंवा चुकला तरी गड जाऊ नये, ही दूरदृष्टी त्यामागे होती.

सर्व्हरच्या बाबतीत याचा अर्थ सोपा आहे. एजंटाला पाहण्याचा अधिकार द्यावा, निदान करू द्यावे, उपाय सुचवू द्यावा. पुसणे, पैसे खर्च करणे, दुसऱ्याला किल्ली देणे ही तीन कामे मात्र माणसाच्या स्पष्ट संमतीशिवाय होऊ नयेत. एजंटाची किल्ली वेगळी असावी आणि काम संपताच ती रद्द व्हावी. राखीव प्रती अशा ठिकाणी असाव्यात जेथे एजंटाची किल्ली लागूच पडणार नाही. खर्चाला कमाल मर्यादा असावी, कारण रात्रीतून शेकडो सर्व्हर उभे राहिले तर बिल मालकाच्याच नावे फाटते. एजंटाने दिलेली प्रत्येक आज्ञा नोंदली जावी आणि ती नोंद त्याला स्वतःला बदलता येऊ नये. ही सारी साधने आज उपलब्ध आहेत. महाग आहे ती शिस्त. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, याबद्दल कोणी ग्राहक तक्रार करीत नाही. आपल्या दागिन्यांना जी दक्षता लागते, ती लोकांच्या ठेवींच्या नोंदींना लागू नये काय?

आपल्या दारातला प्रश्न

किल्लीचा विचार एजंटापाशी संपत नाही. एजंटाच्या वर सर्व्हरचा मालक असतो आणि सर्वांत वरची किल्ली त्याच्याकडे असते. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये ‘नायरा एनर्जी’ या भारतीय तेलकंपनीवर निर्बंध लादले. कंपनीत रशियाच्या ‘रोसनेफ्ट’चा जवळपास निम्मा वाटा आहे, हे कारण. निर्बंध युरोपचे, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेतील वाडीनारचा. तरी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने तिच्या संगणकीय सेवा थांबविल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय भूमीवरचा, भारतीय कायद्याने चालणारा उद्योग परक्याच्या एका निर्णयाने पत्रव्यवहारालाही मुकतो, हे ज्या दिवशी दिसले, त्या दिवशी स्वदेशीचा विचार कालबाह्य झाल्याचे सांगणाऱ्यांनी आपले शब्द परत घ्यावयास हवे होते.

या देशाला असा अनुभव पहिल्यांदाच आलेला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेने महासंगणक देताना अटी घातल्या आणि हात आखडता घेतला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने दहा हजार कोटींहून अधिक रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेला मान्यता दिली, ती याच वाटेवरची. परंतु देशी इमारतीत देशी यंत्रे मांडून भागणार नाही. त्या यंत्रांच्या किल्ल्या जर आपलेच व्यवस्थापक विचार न करता कोणत्याही एजंटाच्या स्वाधीन करणार असतील, तर भिंत बांधून दार उघडे टाकल्यासारखे होईल.

म्हणून हा विषय संगणकतज्ज्ञांवर सोडून मोकळे होता येणार नाही. नागरी सहकारी बँकांचे संचालक, शिक्षणसंस्थांचे विश्वस्त, रुग्णालयांचे व्यवस्थापक यांत या पानांचे अनेक वाचक आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. आपल्या सर्व्हरच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत? त्यांपैकी कोणती किल्ली एखाद्या एजंटाला दिली आहे? आणि सारे पुसले गेले तर ते परत आणण्याचा सराव शेवटचा कधी केला होता? उत्तर देणारा चाचरला, तर काम तेथूनच सुरू करावे. ज्या तरुणांच्या हाती या किल्ल्या आहेत, त्यांनीही वरिष्ठांच्या घाईपुढे मान तुकवू नये. मुख्य किल्ली यंत्राला देण्यास नकार देणारा अभियंता मागासलेला नसतो. आपल्या कामाचा जाब आपणच द्यायचा आहे, हे त्याला ठाऊक असते.

शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब उमटलेली असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षरही वाढवू नये, हा तिचा अर्थ. आज्ञेला शेवट असलाच पाहिजे, हे ज्या राज्याने पत्राच्या कागदावरही जपले, त्याच्या वारसांनी यंत्राला बेमुदत, बेहिशेबी आणि बिनमोर्तब आज्ञापत्र लिहून देऊ नये.